दम्याचा झटका ओसरला, पुढे काय?

तातडीच्या विभागात श्वास मोकळा होतो, पण आजाराची माहिती मिळत नाही. डिस्चार्जच्या कागदावरील 'ओपीडीत दाखवावे' ही ओळ आणि प्रत्यक्ष ओपीडी यांच्यामधील अंतर अनेक दमेकऱ्यांना पुन्हा त्याच खाटेवर आणून सोडते.

दम्याचा तीव्र झटका बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे येतो. श्वासनलिकांची क्षमता चोवीस तासांत सर्वांत कमी असते ती पहाटेच्या सुमारासच. छाती कोंदते, घरघर वाढते, सलग वाक्य बोलणेही अशक्य होते आणि घरचे लोक रुग्णाला रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठतात. तेथे प्राणवायू लावला जातो, नेब्युलायझरमधून औषधाची वाफ दिली जाते, स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिले जाते. दोन-चार तासांत रुग्ण बोलू लागतो. उजाडता उजाडता त्याला घरी सोडण्यात येते. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर काम चोख झालेले असते. तरीही याच रुग्णांतील काही जण दोन आठवड्यांच्या आत पुन्हा त्याच दारात उभे राहतात. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांनी एकत्र येऊन केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण १७ टक्के आढळले होते. म्हणजे साधारण सहा रुग्णांमागे एक.

याचे कारण दम्याच्या स्वरूपातच आहे. झटक्याच्या वेळी तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतील अस्तर सुजते आणि चिकट कफ साचतो. साल्ब्युटामॉलसारखे औषध स्नायूंची आवळण काही मिनिटांत सैल करते, पण त्याचा प्रभाव चार ते सहा तासच टिकतो. सूज मात्र त्याने उतरत नाही. ती उतरविण्याचे काम स्टेरॉइडचे. पोटात घेतलेल्या स्टेरॉइडचा परिणाम दिसू लागण्यासच काही तास जातात आणि मोठ्यांना ते पाच ते सात दिवस, तर मुलांना तीन ते पाच दिवस द्यावे, असे जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. 'आता बरे वाटते' असे म्हणत घरी जाणाऱ्या रुग्णाच्या श्वासनलिका आतून अद्याप सुजलेल्याच असतात. त्यानंतरचे काही दिवस तो काय करतो, कोणते औषध किती घेतो, कोणाला भेटतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

ब्रिटनमधील १९५ मृत्यू

या काही दिवसांचे मोल किती, हे ब्रिटनमधील एका चौकशीने दाखवून दिले. फेब्रुवारी २०१२ ते जानेवारी २०१३ या वर्षभरात दम्याने झालेल्या मृत्यूंची तेथील तज्ज्ञांनी एकेक प्रकरण उघडून छाननी केली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अहवालात १९५ मृत्यू दम्याचेच असल्याचा निष्कर्ष होता. त्यांपैकी १९ जण, म्हणजे सुमारे दहा टक्के, दम्यासाठी रुग्णालयात उपचार घेऊन घरी गेल्यानंतर २८ दिवसांच्या आत दगावले होते. ४५ टक्के व्यक्तींनी अखेरच्या झटक्यात मदत मागितलीच नाही, किंवा मदत पोहोचण्यापूर्वी त्यांचा मृत्यू झाला. त्रास वाढला तर काय करायचे, हे लिहून दिलेला वैयक्तिक आराखडा केवळ २३ टक्के रुग्णांना मिळाल्याची नोंद होती. मोफत सार्वजनिक आरोग्यसेवा आणि प्रत्येकाला नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर असलेल्या देशातील ही स्थिती आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या अहवालातील आणखी एक बाब आपल्याकडील डॉक्टरांनी आणि औषध दुकानदारांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. तात्पुरता आराम देणाऱ्या इनहेलरच्या चिठ्ठ्यांची नोंद ज्यांच्याबाबत उपलब्ध होती, अशा मृतांपैकी ३९ टक्के व्यक्तींना वर्षात बाराहून अधिक असे इनहेलर देण्यात आले होते. धोक्याची सूचना कागदावर होती; ती वाचण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

भारतातील चित्र अधिक गंभीर आहे. रोगभाराच्या २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार देशात सुमारे ३ कोटी ४३ लाख दमेकरी आहेत. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात राहतात. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आजार तोच, औषधे तीच आणि त्यांतील बरीचशी तर भारतीय कंपन्याच बनवितात. तरीही हा फरक पडतो. विविध शहरांतील नऊ केंद्रांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, घरघरीचा त्रास असलेल्या ८२ टक्के व्यक्तींना आपल्याला दमा असल्याचे निदानच मिळालेले नव्हते. निदान झालेल्यांमध्येही श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड रोज वापरणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होते. अशा देशात तातडीचा विभाग ही अनेकांच्या बाबतीत आजाराची आणि वैद्यकशास्त्राची पहिली खरी भेट असते. ती वाया जाऊ देणे परवडणारे नाही.

रुग्ण ओपीडीत का येत नाही?

'रुग्ण बेफिकीर असतात, बरे वाटले की फिरकत नाहीत,' हे उत्तर रुग्णालयांत सहज ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. रात्र कॅज्युअल्टीत काढलेल्या माणसाने सकाळी घरी जाऊन पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात यावे, अशी अपेक्षा असते. हा विभाग बहुतेक सार्वजनिक रुग्णालयांत सकाळच्या वेळीच चालतो. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, औषधांची रांग असे करत दिवस मोडतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा तो दिवसाचा रोजगार असतो. झटक्यामुळे एक खाडा आधीच झालेला असतो. श्वास मोकळा असताना दुसरा खाडा कशासाठी करायचा, हे त्याला कोणी पटवून दिलेले नसते. रविवारी रात्री आलेल्याला कोणत्या वारी, कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर जायचे हेही अनेकदा सांगितले जात नाही. 'चेस्ट ओपीडी' ही इंग्रजी लघुलेखनातील दोन अक्षरे वाचून रुग्णाने सगळे समजून घ्यावे, असा जणू संकेतच आहे.

डॉक्टरांच्या बाजूनेही अडचणी आहेत. कॅज्युअल्टीतील निवासी डॉक्टरच्या समोर दम्याचा रुग्ण बरा होत असताना शेजारी अपघातग्रस्त असतो, विष घेतलेली मुलगी असते, छातीत दुखणारे गृहस्थ असतात. इनहेलर कसा ओढायचा हे दहा मिनिटे शिकविण्याची उसंत त्याला कोठून मिळणार? त्यातच कॅज्युअल्टी एका विभागाची, छातीविकार दुसऱ्याचा आणि मुले तिसऱ्याची. पाठविणाऱ्याला रुग्ण पोहोचला की नाही हे कळत नाही आणि ज्याच्याकडे पाठविले, त्याला कोणी येणार होते याचा पत्ता नसतो.

खासगी क्षेत्रात तर पाठविण्याची ही ओळही अनेकदा नसते. गल्लीतील दवाखान्यात वाफ घ्यायची, डेरिफायलिनचे इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि घरी जायचे, ही सवय शहरातील कित्येक कुटुंबांत मुरलेली आहे. वास्तविक, थिओफायलिन गटातील इंजेक्शने तीव्र झटक्यात वापरू नयेत, असे 'जिना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

आणि मग शब्दाचीच भीती. 'दमा' हा शब्द उच्चारायला घरचे तयार नसतात, विशेषतः रुग्ण लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर. म्हणून कागदावर 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' लिहिले जाते. मुलांच्या बाबतीत 'बालदमा' म्हणून वेळ मारून नेली जाते. 'मोठेपणी जाईल' हा दिलासा त्यात गृहीत असतो. काहींचा जाईलही. पण ज्या आजाराचे नावच घेतलेले नाही, त्याच्या शिक्षणासाठी कोण कशाला जाईल? मृग नक्षत्र लागताच हैदराबादला जिवंत मासा औषधासह गिळण्यासाठी जाणाऱ्या हजारोंच्या गर्दीला आपण हसतो. पण त्या गर्दीला तारीख ठाऊक असते, ठिकाण ठाऊक असते आणि तेथे कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही खात्री असते. आपल्या रुग्णालयांना एवढेही साधलेले नाही.

शिक्षण म्हणजे माहितीपत्रक नव्हे

दम्याच्या शिक्षणाचा अर्थ अनेक ठिकाणी गुळगुळीत कागदावर छापलेले रंगीत पत्रक असा घेतला जातो. या विषयावरील उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षांनी याबाबत दोन टोकांचे निष्कर्ष दिले आहेत. केवळ माहिती दिली तर रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटत नाही. याउलट, स्वतःच्या लक्षणांवर लक्ष ठेवणे, लेखी आराखडा आणि डॉक्टरांकडून नियमित फेरतपासणी या तिन्हींची जोड दिली, तर दाखल होणे, तातडीच्या विभागात धाव घेणे, रात्रीचा त्रास आणि कामावरचे खाडे हे सारे कमी होते. तातडीच्या विभागात येऊन गेलेल्या मुलांविषयीच्या २००९ च्या समीक्षेत ३८ अभ्यासांतील ७८४३ मुलांचा समावेश होता. ज्या मुलांना वा पालकांना शिक्षण मिळाले, त्यांची पुन्हा तातडीच्या विभागात येण्याची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी, तर दाखल होण्याची सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाली. प्रौढांवरील २००७ च्या समीक्षेत दाखल होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. तातडीच्या विभागातील फेऱ्या मात्र लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले नाही.

मग शिकवायचे काय? पहिली गोष्ट दोन औषधांतील फरक. एक झटका शमविणारे, दुसरे आजार आटोक्यात ठेवणारे. रुग्णाला पहिले आवडते, कारण त्याचा गुण लगेच येतो. दुसरे तो बंद करतो, कारण ते घेऊनही 'काही वाटत नाही'. ही गल्लत जीवघेणी ठरते, म्हणूनच २०१९ पासून 'जिना'ने केवळ साल्ब्युटामॉलच्या पंपावर दम्याचा उपचार करू नये, अशी भूमिका घेतली. स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला इनहेलर गरजेच्या वेळीही वापरण्याची पद्धत त्यानंतर पुढे आली.

दुसरी गोष्ट हाताची. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडाने सावकाश श्वास ओढू लागतानाच दाबावे आणि मग सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात दाबणे आणि ओढणे यांचा मेळ बसत नाही आणि औषध घशातच राहते. रोटाहेलरमधील कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही डॉक्टरांना भेटतात. 'समजले ना?' या प्रश्नाला प्रत्येक रुग्ण मान डोलावतो. त्यामुळे विचारण्याऐवजी 'करून दाखवा' म्हणावे लागते. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरायची, हे तर सांगायचे राहूनच जाते.

येथे नेब्युलायझरविषयी थोडे वेगळे बोलणे आवश्यक आहे. सौम्य ते मध्यम झटक्यात स्पेसर लावलेला साधा पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो, हे सिद्ध झालेले आहे. तरीही आपल्याकडे यंत्राला मान आहे. कॅज्युअल्टीत यंत्राची वाफ घेऊन बरा झालेला रुग्ण एक धडा शिकूनच घरी जातो: यंत्राने आराम पडतो, पंपाने नाही. मग घरात यंत्र येते आणि पंप कपाटात जातो. तोच उपचार कॅज्युअल्टीत पंप आणि स्पेसरने दिला, तर रुग्णाने आपल्या पंपाची ताकद स्वतः अनुभवलेली असते. वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. स्पेसर महाग पडतो, ही सबब फारशी टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथील डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवून दिले की, शीतपेयाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली नीट कापून-बसवून वापरली, तर मुलांच्या झटक्यात ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट लेखी आराखडा. वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल अशी त्याची मांडणी असते. पिवळ्यात औषध कसे वाढवायचे आणि लाल लागला की काय घेऊन कोठे जायचे, हे रुग्णाच्या भाषेत एका पानावर लिहिलेले असावे. आपल्याकडे अडते ते बहुधा 'रुग्णाच्या भाषेत' या दोन शब्दांपाशी.

तारीख हातात दिली तर

रुग्णाला पुढच्या भेटीपर्यंत पोहोचवायचे कसे, यावर अमेरिकेत पद्धतशीर प्रयोग झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातून घरी जाणाऱ्या ३८४ दमेकऱ्यांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्याला नेहमीप्रमाणे सूचना दिल्या. दुसऱ्याला स्टेरॉइडच्या गोळ्या मोफत, टॅक्सीभाड्याची कुपने आणि आठवण करून देणारा दूरध्वनी. तिसऱ्याला गोळ्या आणि कुपनांबरोबर डॉक्टरांची वेळ आधीच ठरवून दिली. पुढील भेटीला गेलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२, ४८ आणि ६५ टक्के निघाले. म्हणजे फोनने फारसा फरक पडला नाही, ठरलेल्या तारखेने पडला. पण याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. वर्षभरानंतर तिन्ही गटांतील रुग्णांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. रुग्ण दारापर्यंत पोहोचला. दाराआड नेहमीचीच घाईची तपासणी असेल, तर नुसत्या पोहोचण्याने काय साधणार?

वॉशिंग्टनमधील मुलांच्या रुग्णालयात याचे उत्तर वेगळ्या पद्धतीने शोधले गेले. तेथे दम्याच्या शिक्षणाचे केंद्र तातडीच्या विभागातच थाटण्यात आले. झटक्यानंतर मूल अनोळखी इमारतीत नव्हे, तर जेथे त्याला श्वास मिळाला तेथेच परत येई. औषधे, घरातील धूळ-धूर आणि पुढचा नियमित डॉक्टर यांची सविस्तर चर्चा एकाच भेटीत होई. ४८८ मुलांवरील या चाचणीत, शिक्षण मिळालेल्या मुलांच्या अचानक कराव्या लागणाऱ्या फेऱ्या सहा महिन्यांत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने तातडीच्या विभागासाठी छापील कार्यपद्धतीच आखून दिली. उपचारांच्या टप्प्यांबरोबर पुढे पाठविणे हाही तिचाच भाग. फिनलंडने १९९४ ते २००४ या काळात राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबविला. परिचारिका आणि औषध दुकानांतील फार्मासिस्ट यांनाही त्यात जबाबदारी वाटून दिली. दम्यामुळे रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या तेथे १९९३ मधील सुमारे १ लाख १० हजारांवरून २००३ मध्ये सुमारे ५१ हजारांवर आली.

क्षयरोगाला जमते ते

एवढी साधने आपल्याकडे कोठे, असा प्रश्न येथे येणारच. पण रुग्ण हरवू नये म्हणून त्याच्या मागे जाण्याची पद्धत आपल्याला अपरिचित नाही. क्षयरुग्णाची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे, 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत त्याचे नाव असते, औषध चुकले तर आरोग्य कर्मचारी घरी पोहोचतो. दमा संसर्गजन्य नाही, म्हणून त्याच्या मागे कोणी जात नाही. घरोघरी जाण्याची गरजही नाही. कॅज्युअल्टीत एक वही, तीत झटक्याने आलेल्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि ओपीडीची दिलेली तारीख. दुसरीकडे ओपीडीत तीच यादी आणि न आलेल्यांना फोन करणारी एक परिचारिका. यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो एक निर्णय: हे काम अमुक व्यक्तीचे, असा.

मुंबईत २०२२ पासून वस्त्यांमध्ये सुरू झालेले 'आपला दवाखाना' यांसारखे दवाखाने सायंकाळीही उघडे असतात. पहिली फेरतपासणी तेथेच झाली, तर खाडा करण्याचा प्रश्नच मिटतो. अर्थात, तेथे इनहेलर उपलब्ध हवेत. स्टेरॉइडचे इनहेलर देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहेत. यादीत असणे आणि खिडकीवर मिळणे यांत आपल्याकडे काय फरक असतो, हे वाचकांना सांगायला नको.

फेरतपासणी किती दिवसांत व्हावी, यावर मतभेद नाहीत. 'जिना'नुसार प्रौढांची दोन ते सात दिवसांत, मुलांची एक ते दोन दिवसांत. ब्रिटनमध्ये कामकाजाच्या दोन दिवसांची मर्यादा आहे. 'पंधरा दिवसांनी या' हे उत्तर त्यामुळे स्वीकारण्याजोगे नाही. तोपर्यंत नातेवाईकांनी कॅज्युअल्टी सोडण्यापूर्वी चार गोष्टी मागून घ्याव्यात. स्टेरॉइडच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे लिहून घ्यावे. रोज घ्यायचा इनहेलर कोणता आणि गरजेचा कोणता, हे विचारावे. पंप परिचारिकेसमोर एकदा ओढून दाखवावा. आणि ओपीडीचा वार, वेळ व खोली क्रमांक कागदावर मागावा. घरी गेल्यावर पंप घेऊनही चार तास आराम टिकत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ वा नखे निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; ती येईपर्यंत रुग्णाला आडवे न करता बसवून ठेवावे आणि स्पेसरमधून पंप देत राहावे.